लूना चालवायचीय का?

गेल्या पावसाळ्यात नगरच्या कायनेटिक चौकाजवळच्या एका गॅरेजात मी बाइक लावली आणि म्हटलं, "चाचा, क्लच हलका करून द्या."

चाचांनी लिव्हर दोनदा दाबून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. "अजून किती हलका करायचा, भाऊ? लूना चालवायचीय का?"

गॅरेजातली पोरं हसली. मीही हसलो. अशा वेळी हसावंच लागतं. खरं कारण सांगायची लाज वाटत होती. दिवसभर लॅपटॉप बडवून डाव्या अंगठ्याच्या मुळाशी असलेली शीर धरली होती. दर शनिवारी पुण्याहून नगरला येताना वाघोली ते शिक्रापूर इतक्या वेळा क्लच दाबावा लागायचा, की सुप्याला चहाला थांबलो तर कप उजव्या हातात धरायचो. डॉक्टर म्हणाले, हाताला आराम द्या. पण बाइक सोडवत नव्हती. अठ्ठाविसाव्या वर्षी 'मला क्लच दाबवत नाही' असं चार पोरांसमोर कोण कबूल करणार?

चाचांचा टोमणा मात्र घरी येईपर्यंत डोक्यात फिरत राहिला. ज्या चौकात त्यांनी तो मारला, त्याचं नाव ज्या कारखान्यावरून पडलं, तिथेच लूना बनायची. क्लचचा दांडा हलका करण्याच्या भानगडीत न पडता तो काढूनच टाकलेली गाडी माझ्याच गावात जन्मली होती, आणि तिचं नाव आम्ही टोमणा मारायला वापरत होतो.

आधी थोडं इंजिनीअरिंग सांगतो, मग गोष्ट. क्लच म्हणजे एकमेकींवर दाबून ठेवलेल्या चकत्या. अर्ध्या इंजिनाबरोबर फिरतात, अर्ध्या गिअरबॉक्सबरोबर, आणि स्प्रिंगा त्यांना घट्ट आवळून धरतात. इंजिन जितकं ताकदवान, तितक्या स्प्रिंगा कडक. लिव्हर दाबून आपण त्या स्प्रिंगांशी कुस्ती खेळतो. मधल्या तरफांमुळे ताकद कमी लागते, पण मधेच वायर आडवी येते. बैलाच्या कासऱ्याचे खुंट्याला दोन वेढे दिले की पोरगंसुद्धा बैल धरून ठेवतं, ते घर्षणामुळे. वायर जितकी वळते, तितकं हे घर्षण वाढतं, आणि तेही गुणाकाराने. घर्षणांक ०.१५ धरला आणि वायरची सगळी वळणं मिळून १८० अंश भरली, तर इंजिनाकडे १० किलोचा ओढा पोचवायला हाताकडून १६ किलो लावावे लागतात. वळणं निम्मी केली की १२.७ किलोत भागतं. कॉलेजात हे सूत्र मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. चाचांनी ते न शिकता जुनी वायर काढली, नवी टाकीखालून सरळ नेली, आत तेल सोडलं, आणि तेवढ्यानेच बराच फरक पडला.

हाताला मात्र तो पुरेसा नव्हता. दुसरा उपाय इंजिनाकडचा आर्म लांब करण्याचा. ४० मिलिमीटरचा ५० केला की जोर २० टक्के कमी लागतो, पण चकत्याही तेवढ्याच कमी सुटतात. क्लच अर्धवट सुटला की सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही आणि गाडी पुढे ओढत राहते. फुकट काही मिळत नाही. म्हणून चाचांनी तो बेत ऐकताक्षणीच मोडीत काढला.

तेव्हा घरी आत्या आली होती. तिला टोमण्याची गोष्ट सांगितली तर ती हसलीच नाही. म्हणाली, "लूनाला नावं ठेवतो होय तो? त्याला म्हणावं, करंजी घाट चढवून दाखव लूनावर."

आत्या झेडपीच्या शाळेत शिक्षिका होती. राहायला तिसगावात, शाळा वस्तीवर. एसटी दिवसातून दोनदा, तीही शाळेच्या वेळा चुकवून. १९९१ साली तिने हप्त्यावर लूना घेतली. घरात स्कूटर होती, पण ती फुवांची. शिवाय त्या काळच्या स्कूटरला डाव्या मुठीत क्लच आणि गिअर एकत्र. लिव्हर दाबून धरायचा आणि दाबलेल्या अवस्थेतच सगळी मूठ मनगटाने पिरगाळायची. आत्याने एकदा प्रयत्न केला. फुवा मागे बसून सूचना देत होते. गाडी तीनदा बंद पडली, चौथ्यांदा उडी मारून कुंपणात गेली. "तुला जमायचं नाही," असं ते म्हणाले. तिने वाद घातला नाही, लूना घेतली.

लूना बाजारात आली १९७२ साली. कायनेटिक इंजिनीअरिंग ही कंपनी हस्तीमल फिरोदियांची. नगरला हे घराणं नवं नव्हतं. त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया नगरचे नावाजलेले वकील आणि मुंबई विधानसभेचे सभापती, भाऊ नवलमल यांचं नाव भारतातल्या ऑटोरिक्षाशी जोडलेलं. हस्तीमल यांचा मुलगा अरुण आयआयटी मुंबईत आणि पुढे अमेरिकेत एमआयटीत शिकून आलेला. मूळ गाडी इटलीच्या पियाजिओची 'चाओ'. तिच्या परवान्यावर ५० सीसीची ही मोपेड तयार झाली. तो काळ परवान्यांचा आणि प्रतीक्षायाद्यांचा. बजाजच्या स्कूटरसाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायचे. सायकल आणि स्कूटर यांच्यामधली जागा रिकामी होती, आणि त्या जागेत मास्तर, कारकून, दूधवाले आणि आत्यासारख्या बायका उभ्या होत्या.

लूनाला पायडल होतं. पायडल मारून इंजिन चालू करायचं, ॲक्सिलेटर पिळायचा, की गाडी निघाली. डाव्या हाताशी लिव्हर होता, पण तो ब्रेकचा. क्लच आत होता आणि आपलं आपण बघून घ्यायचा. मोहटादेवीच्या यात्रेत गोल फिरणारा साखळीचा पाळणा असतो ना, तसं. पाळणा सावकाश फिरतो तेव्हा खुर्च्या सरळ लोंबतात, वेग वाढला की बाहेर फेकल्या जातात. लूनाच्या क्लचात खुर्च्यांऐवजी घर्षणाचे तुकडे असतात. इंजिन नुसतं गुरगुरत असतं तेव्हा छोट्या स्प्रिंगा त्यांना आत ओढून धरतात. ॲक्सिलेटर दिला की ते बाहेर फेकले जाऊन भोवतीच्या ड्रमला चिकटतात आणि चाक फिरू लागतं. थांबलं की सुटतात. माझ्या मनगटाने जी कुस्ती खेळायची, ती तिथे इंजिन स्वतःच खेळतं.

कल्पना नगरची नव्हती, इटलीचीही नव्हती. होंडाने १९५८ साली जपानात सुपर कब काढली, तेव्हा सोईचिरो होंडांची अट होती, की सोबा नूडल्स पोचवणाऱ्या पोऱ्याला एका हातात ट्रे धरून गाडी चालवता आली पाहिजे. म्हणून तिला गिअर होते, पण क्लचचा लिव्हर नव्हता. जगात सगळ्यात जास्त खपलेली मोटर-गाडी तीच. तिचाच एक अवतार १९९७ मध्ये हिरो होंडा 'स्ट्रीट' म्हणून आपल्याकडे आला आणि फारसा चालला नाही. मला वाटतं, आपल्याला ती 'ना बाइक ना स्कूटर' वाटली असणार. क्लच दाबल्याशिवाय बाइक चालवल्यासारखं वाटत नाही, ही आपली समजूत मोटारीपेक्षा जुनी असावी. घोड्याचा लगाम खेचल्याशिवाय घोडेस्वार कसला!

सरकारदरबारी मात्र लूनासारख्या गाड्यांना स्वतंत्र जागा मिळाली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात लायसनचा 'विना गिअर' हा प्रकार आहे, आणि ५० सीसीपर्यंतची गाडी सोळाव्या वर्षी चालवायची मुभा आहे. आत्याच्या लायसनवर 'विना गिअर' असंच लिहिलेलं होतं. ते वाचून ऑफिसातले मास्तर लोक चिडवायचे. ती सांगत होती, "चिडवणारे सगळे पाऊस आला की माझ्या मागे बसून स्टँडवर यायचे."

करंजी घाटाचं मात्र खरं होतं. नगरला मिटिंग असली की ती लूना घेऊन निघायची. घाटात इंजिन धापा टाकू लागलं की ती पायडल मारून मदत करायची. एकदा वर पोचली तेव्हा एक ट्रकवाला थांबून म्हणाला, "बाई, गाडी तुम्हाला चालवती का तुम्ही गाडीला?" हे ती अजून अभिमानाने सांगते.

लूना २००० च्या सुमारास थांबली. १९८४ मध्ये त्याच घराण्याने होंडाबरोबर कायनेटिक होंडा आणली होती, पिथमपूरच्या कारखान्यात. तिला बटनस्टार्टही होता आणि गिअरही आपोआप. आज रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक स्कूटर त्याच वाटेने चालते आणि तिला कोणी हसत नाही. विजेच्या गाडीला तर क्लचची गरजच नाही. २०२४ मध्ये ई-लूना आली, त्याच वर्षी नगरचं अहिल्यानगर झालं.

माझ्या बाइकचं काय? चाचांनीच शेवटी मार्ग काढला. "नव्या मॉडेलचं असेंब्ली बसतंय याला. महाग पडंल." ते असिस्ट-स्लिपर क्लच निघालं. २०१४ मध्ये आपल्याकडे ३९० ड्यूकला स्लिपर क्लच आला, पुढे १५५ सीसीच्या आर-फिफ्टीनलाही असिस्ट-स्लिपर मिळाला. त्याच्या हबवर तिरके उतार कापलेले असतात. इंजिन चाकाला ओढू लागलं की ते उतार एकमेकांवर चढतात आणि चकत्यांना जास्त आवळतात. आवळायचं निम्मं काम इंजिनाच्या जोरानेच झाल्यावर स्प्रिंगा मऊ ठेवता येतात. उलट, घाईत गिअर उतरवला की चकत्या थोड्या सुटतात आणि मागचं चाक घसरत नाही. रचना वेगळी, पण तत्त्व ओळखीचं वाटलं. हाताचं काम इंजिनाकडे द्यायचं, लूनाने दिलं होतं तसं.

बॅग तोलायचा काटा लिव्हरला अडकवून मी आधी आणि नंतर मोजलं. साडेसात किलोंचे साडेचार झाले. चाचांनी दोन बोटांनी लिव्हर दाबला, परत दाबला, आणि माझ्याकडे न बघता पोराला म्हणाले, "चहा सांग रे."

बाइक घरी आणली तेव्हा आत्या ओट्यावर बसली होती. तिची बोटं आता सांध्यांनी वाकडी झालीत. मी म्हटलं, "दाबून बघ ना." तिने चपला घातल्या, शेजारी येऊन उभी राहिली, दोन बोटांनी लिव्हर आत घेतला, सोडला.

"दबतोय की," ती म्हणाली. मग जरा विचार करून, "पण मग हा ठेवलाच कशाला?"