वैयावृत्त्य आणि स्कुटारीचा पडदा



पर्युषणात कुणाचे किती उपवास झाले, हे आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ असतं. वैयावृत्त्याची मोजदाद मात्र कुणी करत नाही. तत्त्वार्थसूत्रात सांगितलेल्या सहा अंतरंग तपांत तेही आहे, आणि ज्यांची सेवा करायची त्या दहांमध्ये ‘ग्लान’ म्हणजे आजारी साधूही येतो. उद्दायन राजाची कथा आपण ऐकलेलीच आहे. रोगी मुनीच्या रूपात आलेल्या देवाने राजा-राणीच्या अंगावर वांती केली, तरी राजाला किळस आली नाही. माझ्याच आहाराने यांना त्रास झाला, याचंच त्याला वाईट वाटलं. निर्विचिकित्सा म्हणतात ती हीच.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं चरित्र वाचताना मला हा शब्द पुन:पुन्हा आठवत होता. १८५४ च्या नोव्हेंबरात ३८ स्त्रियांना घेऊन ती तुर्कस्तानात स्कुटारीला पोहोचली. क्रिमियाच्या युद्धातले इंग्रज सैनिक तिथल्या लष्करी इस्पितळात घाणीत पडले होते. हातात दिवा घेऊन रात्री फिरणारी बाई, एवढीच तिची ओळख आपल्या शाळेच्या पुस्तकात होती. मला दिव्यापेक्षा तिचा पडदा मोठा वाटतो.

तिथे हात-पाय कापण्याची शस्त्रक्रिया वॉर्डातच, सगळ्यांच्या देखत होई. उद्या ज्याची पाळी आहे, त्याने आज शेजारच्याला सुरीखाली मरताना पाहिलं तर त्याची जगण्याची शक्यताच कमी होते, असं तिने लंडनच्या एका शल्यविशारदाला पत्रात लिहिलं आणि पडदा आणवला. कापडाचा एक आडोसा! पण भीतीसुद्धा माणसाला मारते, हे तिला कळलं होतं.

घरच्यांचाही तिला विसर पडला नाही. सैनिक गेला की त्याच्या आईला किंवा बायकोला ती स्वत: पत्र लिहायची. जे जगले त्यांचा पगार दारूत जाऊ नये म्हणून त्यांचे पैसे घरी पाठवायची सोय तिने सुरू केली. पुढे सरकारने ते काम हाती घेतलं, तेव्हा सहा महिन्यांच्या आत ७१ हजार पौंड घरोघरी पोहोचले. किती चुली पेटल्या असतील!

एक मात्र सांगायलाच हवं. १८५५ च्या मार्चमध्ये सरकारी पथकाने तिथली गटारं साफ केली, हवा खेळती केली, तेव्हा कुठे मृत्यू झपाट्याने उतरले. तिनेच नंतर आकडे मांडून जगाला पटवलं की जखमांपेक्षा घाणीने जास्त माणसं नेली. म्हणजे तिची करुणा नुसती डोळे पुसणारी नव्हती, मोरी धुणारीही होती. शुश्रूषेवरच्या तिच्या पुस्तकात तर अगदी घरगुती गोष्टी आहेत: आजाऱ्याच्या खोलीबाहेर कुजबुजू नका, त्याला मान वळवावी लागणार नाही असं समोर बसा, ‘लवकर बरे व्हाल’ असा पोकळ धीर देऊ नका. आपल्याकडे भेटायला येणारे नेमकं हेच तिन्ही करतात!

या बाईला घरून कडाडून विरोध होता. सुखवस्तू घरातल्या मुलीने इस्पितळात जाणं आई-बहिणीला लाजिरवाणं वाटे. हे वाचून मला आपला समाज आठवला. दवाखान्यांना आपण सढळ हाताने देणग्या देतो, कोनशिलेवर नावं कोरतो. पण माझ्या ओळखीच्या घरांत मुलगी डॉक्टर झाली तर पेढे वाटतात, नर्स व्हायचं म्हणाली तर ‘लग्न कसं जमणार?’ असं विचारतात. दुसऱ्याची घाण काढणं कमीपणाचं, हाच ना त्यामागचा विचार? मग उद्दायनाची कथा पाठशाळेत मुलींना कशाला सांगतो आपण?

पुण्यात रमाबाई रानडे यांनाही याच प्रश्नाला तोंड द्यावं लागलं. १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुणे सेवासदनातून त्यांनी मुलींना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. कुणाही जातीच्या, परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावायचा म्हणजे काय! त्या मुलींत विधवाही होत्या. घरात ज्यांचं तोंड पाहणं अशुभ मानलं जाई, त्यांचीच वाट रुग्ण आपल्या खाटेवर पाहू लागले.