फराहबागेतला मुक्काम

जोडून सुटी आली की नगरची मित्रमंडळी भंडारदऱ्याच्या वाटेला लागतात. गाडी ठरते, खोल्या ठरतात, वर्गणीवरून थोडी कुरकुर होते. अकोले तालुक्यातल्या या गावाला पाहुणे मिळवून दिले ते प्रवरेवरच्या धरणानं. त्याचं काम १९१० साली सुरू झालं आणि डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. मात्र मर्जीतली माणसं घेऊन शहराबाहेर मुक्काम ठोकायची हौस नगरला त्याच्या चारशे वर्षं आधीपासून आहे. फरक इतकाच, की तेव्हा ती फक्त राजाला परवडायची.

निजामशाहीचा संस्थापक अहमद निजामशहा याच्या काळात, १५०६च्या सुमारास, शहराच्या उत्तरेला एक बाग उभी राहिली. तीच पुढे हश्त बिहिश्त बाग झाली. मधोमध अष्टकोनी तलाव, तलावात महाल आणि शेंडी-वडगावकडून खापरी नळानं खेळवलेलं पाणी. नगरचा मुलूख अवर्षणाचा. तिथं पाण्यात घर बांधून राहणं, यापरती चैन ती कोणती?

दुसरी बाग भिंगारच्या बाजूची, फराहबाग. मूर्तझा निजामशहानं (कारकीर्द १५६५–१५८८) ती दरबारातल्या चंगीजखानाकडून सुरू करवली आणि न्यामतखानानं पुरी केली. तयार इमारत राजाला पसंत पडली नाही. पाडून पुन्हा बांधायचा हुकूम सुटला. अखेर वजीर सलाबतखानानं १५८३ साली काम तडीस नेलं. आज महालाभोवतीचा तलाव कोरडा आहे, पण चौथऱ्यावरचा महाल उभा आहे. उंच कमानी, जाडजूड भिंती, मधल्या दालनावर घुमट. बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत असताना आत पाऊल टाकलं की पैसा कुठं मुरला ते समजतं. ही इमारत पाहूनच शाहजहानला ताजमहाल सुचला, असं गावात सांगतात. सांगोत बापडे.

इथं राजाच्या सोबतीला असायचं ते फत्तेशाह या नावानं ओळखलं जाणारं दिल्लीकडचं कलावंत माणूस. दोघांचा बुद्धिबळाचा डाव रंगायचा. फत्तेशाहसाठी बागेत वेगळा लाकडी महालही बांधला होता, अशी गॅझेटियरची नोंद आहे. इतिहासकार फिरिश्ता त्या काळात नगरच्याच दरबारी होता. त्याची हकीकत अशी : विजयनगरच्या रामरायाच्या लुटीतले दोन रत्नहार राजानं फत्तेशाहला देऊ केले. सलाबतखानाचा जीव तुटला. त्यानं खऱ्याच्या जागी खोटे हार दिले. लबाडी उघडी पडली तेव्हा मूर्तझानं खजिन्यातलं जवाहीर समोर मांडायला लावलं आणि रागाच्या भरात आगीत टाकलं. लोक त्याला दिवाणा म्हणत ते उगाच नाही.

राजा वर्षानुवर्षं एकांतात, आणि कारभार सलाबतखानाच्या गळ्यात. तरी राजाचा हुकूम येताच हा माणूस निमूट कैदेत गेला. मूर्तझाचा शेवट वाईट झाला. १५८८ मध्ये त्याच्याच मुलानं त्याला हमामात कोंडून, खाली जाळ करून गुदमरवून मारलं. डावातले सोबती तेव्हा उपयोगी पडले नाहीत.

सलाबतखानाच्या वाट्याला मात्र नगरातली सगळ्यात चांगली हवा आली. पाथर्डी रस्त्याला दहा-बारा किलोमीटरवर शाह डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर सलाबतखानाची तीन मजली अष्टकोनी कबर आहे. छावणीतल्या इंग्रजांनी ती वास्तू उन्हाळ्यात गोऱ्या सैनिकांना हवापालटासाठी वापरली. मेलेल्या वजिराच्या घरी ते पाहुणे म्हणून राहून गेले, असंच म्हणायचं. पावसाळ्यात आता तिथं कॉलेजची पोरं, जोडपी, डबे घेऊन आलेली कुटुंबं अशी रीघ लागते. सगळे म्हणतात, ‘चांदबिबीच्या महालावर जाऊन आलो.’

फराहबागेतला महाल आणि ही कबर, या दोन्ही वास्तू आता पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. मुक्कामाची सोय कुठंच नाही, पण अर्धा दिवस पुरतो. १९९४ साली उघडलेलं लष्कराचं रणगाडा संग्रहालय फराहबागेला लागूनच आहे. रणगाडे पाहून तसंच माघारी फिरू नका, महालातही डोकवा. आणि डोंगरावर गेलात तर बरोबरच्यांना एवढं सांगा, की ही कबर चांदबिबीची नाही, सलाबतखानाची आहे.