नकाशातला वाडा
इंदूरच्या राजवाड्याचे लाकडी मजले 1984 च्या आगीत जळाले, ते पुन्हा उभे राहिले. आमचा वाडा वाटण्यांत गेला. उरला कापडावरचा नकाशा, इंचाला आठ फूट. यंदा गणपतीच्या आराशीत आम्ही त्यावरून बाहुलीघर बांधले, फुटाला एक इंच धरून, म्हणजे नकाशाच्या आठपट. अडीच फुटांच्या भिंती अडीच इंचांच्या झाल्या, आणि माजघर किती अंधारे होते ते तेव्हा कळले. उजेड काय तो चौकातून. बाळंतिणीच्या खोलीला तर खिडकीच नाही! आम्ही मात्र आजवर ओसरीच्याच गप्पा सांगत आलो. आत्याबाईंनी वाकून पाहिले. "चूल कुठे रे?" नकाशात ती नव्हतीच. जागा त्यांनी बोटाने दाखवली.