लहान लघुग्रह अन् त्याची वाट : काटोलच्या अशनीपासून '२०२० क्यूजी'पर्यंत

मोहगाव (जि. पांढुर्णा) : "अमुक तारखेला लघुग्रह पृथ्वीवर आदळणार" असा मेसेज वर्षातून दोन-चारदा तरी आपल्या मोबाइलवर येऊन पडतो. २०२५ च्या फेब्रुवारीत तर मुंबईचं नाव घेऊन तो फिरला. अशा मेसेजात तथ्य किती, हे ओळखायचं तर लघुग्रहाची कक्षा, म्हणजे त्याची सूर्याभोवतीची वाट, कशी काढतात हे माहीत असावं लागतं. आपल्या भागाचा या विषयाशी संबंधही आहे, कारण सौंसर-मोहगावपासून पन्नासेक किलोमीटरच्या आत असलेल्या काटोलवर आकाशातून खरोखरच दगड पडलेले आहेत.

आधी शब्द समजून घेऊ

सूर्याभोवती फिरणारा खडकाचा तुकडा म्हणजे लघुग्रह. तो पृथ्वीच्या हवेत शिरून पेटला, की दिसणारी प्रकाशाची रेघ म्हणजे उल्का. जळूनही जो भाग जमिनीवर पोहोचतो तो अशनी. बहुतेक लघुग्रह मंगळ अन् गुरूच्या मधल्या पट्ट्यात फिरतात. तिथे टकरी होतात, तुकडे उडतात. सूर्याच्या उष्णतेने लहान तुकड्यांची वाट हळूहळू सरकते, अन् एखाद्या ठरावीक जागी आले की गुरूच्या ओढीने त्यांची कक्षा लांबुळकी होऊन आत वळते. ज्याची वाट सूर्यापासून सुमारे १९.५ कोटी किलोमीटरच्या आत येते, त्याला पृथ्वीजवळचा लघुग्रह म्हणतात. पृथ्वी स्वतः सूर्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे. २०२५ च्या अखेरपर्यंत असे ४० हजारांवर लघुग्रह नोंदले गेले.

काटोल, २२ मे २०१२

त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास काटोल परिसरात आकाशातून दगडांचा सडा पडला. जमा झालेल्या तुकड्यांचं वजन सुमारे १३ किलो भरलं. तपासणीत हा 'एल-६' जातीचा अशनी ठरला. म्हणजे लोखंड कमी असलेला अन् आपल्या मूळ पिंडात भरपूर तापलेला दगड. या जातीच्या पुष्कळ अशनींचा मूळ पिंड सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी मोठ्या टकरीत फुटला, असं मानतात.

आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना याच दगडात ब्रिजमनाइट नावाचं खनिज सापडलं. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरच्या खाली हे खनिज भरपूर आहे, पण तिथवर कोणी पोहोचू शकत नाही. काटोलच्या दगडात ते तयार झालं टकरीच्या प्रचंड दाबामुळे. एवढं सगळं त्या दगडातून कळलं. पण तो पडण्यापूर्वी कोणत्या वाटेने फिरत होता, हे काही दगड सांगत नाही. त्यासाठी पडतानाचे दोन-तीन ठिकाणचे कॅमेरे लागतात, किंवा आधीच दुर्बिणीतून तो दिसलेला असावा लागतो. जगात मोजक्याच अशनींची कक्षा माहीत आहे. काटोल त्या यादीत नाही.

२०२० क्यूजी : गेल्यावर दिसलेला पाहुणा

१६ ऑगस्ट २०२०. भारतीय वेळेनुसार सकाळी साडेनऊ-पावणेदहाच्या सुमारास एक लहान लघुग्रह हिंदी महासागराच्या दक्षिण भागावरून गेला. जमिनीपासूनचं अंतर होतं फक्त २,९५० किलोमीटर. आकार ३ ते ६ मीटर, म्हणजे जीपपासून मोठ्या ट्रकएवढा. वेग सेकंदाला सुमारे १२.३ किलोमीटर. तोपर्यंत न आदळता इतक्या जवळून गेलेला लघुग्रह नोंदला गेला नव्हता.

तो जवळ येताना कोणालाच दिसला नाही, कारण तो सूर्याच्या बाजूने आला. निघून गेल्यावर सहा तासांनी अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेतल्या झेडटीएफ या आकाश-पाहणीच्या दुर्बिणीने त्याचा फोटो घेतला. अशा फोटोंत तारे ठिपक्यासारखे दिसतात अन् वेगाने जाणारा लघुग्रह रेघेसारखा. संगणक संशयित रेघा बाजूला काढतो, पण त्यातली खरी कोणती अन् उपग्रहाची किंवा कचऱ्याची कोणती, हे माणसालाच डोळ्यांनी तपासावं लागतं. त्या दिवशी ती रेघ हेरली आयआयटी मुंबईच्या कुणाल देशमुख या विद्यार्थ्याने. सोबत क्रिती शर्मा होती. दोघंही खगोलशास्त्राचे विद्यार्थी नव्हते. एक धातुशास्त्राचा, दुसरी मेकॅनिकलची.

नावाचाही हिशेब आहे. २०२० हे वर्ष, 'क्यू' म्हणजे ऑगस्टचा दुसरा पंधरवडा, अन् 'जी' म्हणजे त्या पंधरवड्यात नोंदलेला सातवा.

पृथ्वीच्या ओढीने या लघुग्रहाची वाट सुमारे ४५ अंशांनी वळली. म्हणजे तो आला एका कक्षेतून अन् गेला दुसऱ्याच कक्षेत. खातेवहीत मोठी नोंद पडली की जुनी बाकी पुढे ओढून चालत नाही, नव्याने काढावी लागते. तसंच इथे. प्रत्येक जवळच्या भेटीनंतर पुढचं गणित पुन्हा मांडावं लागतं. क्यूजीचा विक्रमही तीनच महिने टिकला. १३ नोव्हेंबर २०२० ला '२०२० व्हीटी४' हा लघुग्रह जमिनीपासून जेमतेम ३७० किलोमीटरवरून गेला. तोही गेल्यावरच दिसला.

कक्षा कशी काढतात?

समजा, नागपूरहून सावनेरकडे निघालेला एक ट्रक तुम्हाला क्षणभर दिसला. तो सावनेरहून सौंसरकडे वळेल की पांढुर्ण्याकडे, हे तेवढ्यावरून सांगता येणार नाही. सावनेरच्या पुढे पुन्हा दिसला तर सांगता येईल. लघुग्रहाचंही असंच आहे. एका फोटोवरून फक्त दिशा कळते, अंतर नाही. वेगवेगळ्या वेळची निदान तीन निरीक्षणं मिळाली तर सूर्याभोवतीची लंबवर्तुळाकार वाट अंदाजाने बसवता येते. १८०१ मध्ये सेरेस सापडला अन् काही आठवड्यांनी सूर्याच्या उजेडात हरवला, तेव्हा गाउस या जर्मन गणितज्ञाने थोड्या निरीक्षणांवरून त्याची कक्षा काढली. त्याच वर्षाच्या शेवटी सेरेस त्या गणिताप्रमाणे पुन्हा सापडला. आजही रीत तीच, फक्त संगणक वेगवान झालाय.

टक्केवारी आधी वाढते, मग शून्यावर येते

मुंबईचं नाव घेऊन फिरलेला मेसेज होता '२०२४ वायआर४' या सुमारे ६० मीटरच्या लघुग्रहाचा. तो २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या दुर्बिणीतून सापडला. २२ डिसेंबर २०३२ ला तो आदळण्याची शक्यता आधी एक टक्का, मग १८ फेब्रुवारी २०२५ ला ३.१ टक्के सांगितली गेली. संभाव्य पट्टा प्रशांत महासागरापासून आफ्रिका, अरबी समुद्र अन् दक्षिण आशियापर्यंत जात होता, म्हणून मुंबईचं नाव आलं. पुढच्या काही दिवसांतच ही शक्यता जवळपास शून्यावर आली.

मग शास्त्रज्ञ चुकले का? नाही. भिशीचा डबा आठवा. शंभर चिठ्ठ्यांत तुमची एक, तर शक्यता एक टक्का. इतरांच्या चिठ्ठ्या काढत काढत ३२ उरल्या, तर तुमची शक्यता तीन टक्क्यांवर गेली. पुढच्या खेपेला तुमचीच चिठ्ठी बाहेर निघाली, तर शक्यता शून्य. नव्या निरीक्षणाने अशाच नको असलेल्या वाटा गळत जातात. पृथ्वीची चिठ्ठी डब्यात असते तोवर आकडा वाढतो, अन् ती निघाली की एकदम पडतो.

उजेडाच्या बाजूचा धोका

काटोलचा दगड भर दुपारी आला, क्यूजी सूर्याच्या बाजूने आला. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर फुटलेला सुमारे २० मीटरचा लघुग्रहही सूर्याच्याच बाजूने आला होता. तिथे सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, बहुतेक फुटलेल्या काचांनी. आधी लख्ख प्रकाश पडला, लोक खिडकीशी पाहायला गेले, अन् दोनेक मिनिटांत हवेचा दणका आला. जमिनीवरच्या दुर्बिणींना दिवसाची बाजू दिसत नाही, म्हणून नासा अंतराळात ठेवायची उष्णता टिपणारी 'निओ सर्व्हेयर' दुर्बीण बनवत आहे. लहान लघुग्रह आदळण्याआधी दिसल्याचा पहिला दाखला ७ ऑक्टोबर २००८ चा, सुदानचा. तेव्हा सुमारे १९ तास आधी सूचना मिळाली होती. त्यानंतरही असे दाखले मोजकेच आहेत.

वाचकांनी लक्षात ठेवावं

* मेसेजमध्ये अंतर किती दिलंय ते पाहा. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. "पृथ्वीजवळून" म्हणजे कधी कधी त्याच्या दहापट लांबून.
* "धोकादायक" हा शब्द एक वर्गवारी आहे. १४० मीटरपेक्षा मोठा अन् ज्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या ७५ लाख किलोमीटरच्या आत येते, तो त्या वर्गात बसतो. आदळणार असा त्याचा अर्थ नाही.
* अपोफिस हा सुमारे ३४० मीटरचा लघुग्रह भारतीय वेळेनुसार १४ एप्रिल २०२९ ला पहाटे सव्वातीनच्या सुमारास जमिनीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. त्याची कक्षा पक्की माहीत आहे. पुढची किमान शंभर वर्षं तो आदळणार नाही.
* जळत जाणारं सगळंच उल्का नसतं. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भ अन् मध्य प्रदेशच्या आकाशात दिसलेल्या जळत्या रेघा चिनी रॉकेटच्या अवशेषांच्या होत्या. त्याचं कडं चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला पडलं. असा कचरा सावकाश जातो, बराच वेळ दिसतो. उल्का काही सेकंदांत संपते.
* मोठा झगझगाट दिसला तर खिडकीच्या काचेपासून लांब व्हा.
* काळी जळकी साल असलेला, वजनाला जड दगड पडलेला दिसला तर धुऊ नका, फोडू नका. कोरड्या स्वच्छ कागदात ठेवा, जागा अन् वेळ लिहून ठेवा अन् तहसील कार्यालयाला कळवा. देशात पडलेल्या अशनींचा सांभाळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करतं, त्यांचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरात सेमिनरी हिल्सला आहे. मोबाइलमध्ये किंवा दुकानाच्या सीसीटीव्हीत उल्का आली असेल तर ते चित्रीकरण पुसू नका. सौंसरचा एक कॅमेरा अन् काटोलचा एक, दोन्हीत वेळ बरोबर असेल, तर पुढच्या दगडाची वाट काढता येईल.