छोटी गाडी, मोठी बोट

आपण शाळेत होतो तेव्हा मूल-मारोडा स्टेशनात अडीच फुटी रुळांवरून छोटी गाडी यायची. समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात. तिकडे कोकणवासी कित्येक वर्षे मुंबईहून बोटीनेच गावी जात. पावसाळ्यात ती बंद. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचं लोकार्पण झालं. ऑक्टोबर २०१८ मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या नावाची ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा निघाली. आपला दिवाळीचा बेत तिच्यावरच होता. कोरोनात तीही थांबली.

आता नवा बेत असा: रेल्वेने मुंबई, भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा, अलिबागला कान्होजींची समाधी, मग कोकण रेल्वेने मडगाव. बोट तासाभराचीच, पण आपल्या वर्गातल्या तिघींनी अजून समुद्र पाहिलेला नाही. रिझर्व्हेशनसाठी नावं लवकर कळवा. सरांना खालचा बर्थ.