वरच्या मजल्याचा इतिहास

घर घ्यावे की न घ्यावे ही ज्याची त्याची खाजगी बाब. तिच्यावर लेख कशाला लिहायचा, असे कोणी विचारील. मलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु गेल्या वर्षी माझ्या मुलाने एका उंच इमारतीचे माहितीपत्रक माझ्यापुढे ठेवले आणि माझ्या निवृत्तीच्या पैशाचा विषय काढला, तेव्हापासून मी जो विचार करीत आहे तो घराचा कमी आणि इतिहासाचा अधिक आहे. आपल्या माणसाला मुंबईत डोक्यावर छप्पर मिळाले कसे, ते कोणी दिले आणि देताना त्याला कोठे उभे केले, हे तपासल्याशिवाय माझ्याच्याने सही होईना.

ही इमारत लोअर परळच्या बाजूला एका बंद गिरणीच्या जागेवर उभी राहत आहे. खाली दुकाने, त्यांच्यावर हॉटेले, त्यावर कचेऱ्या, मग मोटारी ठेवण्याचे मजले आणि या सर्वांच्या डोक्यावर राहती घरे. मुलगा म्हणाला, "बाबा, लिफ्टने खाली उतरलं की सगळं मिळतं. या वयात तुम्हाला लांब जायला नको." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. माझे गुडघे त्याच्या बाजूचे आहेत.

माझे वडील याच भागातल्या एका गिरणीत रिंग खात्यात होते. विणाई खात्यात पगार चांगला होता, पण तेथे आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी घातली की तिचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगाराला आमच्या तोंडाचा विटाळ चालत नसे. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर उघड मांडला होता. 18 जानेवारी 1982 रोजी शेवटचा मोठा संप सुरू झाला आणि वडिलांची गिरणी पुन्हा नीट चालू झालीच नाही. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करण्याचे ठरले: एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी, एक मालकासाठी. 2001 साली नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली; जिच्यावर गिरणीचे बांधकाम उभे होते ती जमीन वाटणीतून सुटली. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. मुलाने दाखवलेली इमारत या हिशोबातून उगवलेली आहे. ज्या जमिनीवर बापाला एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाता आले नाही, तिच्यावर मुलाने तिसाव्या मजल्यावर जावे, ही गोष्ट मला गोड वाटली नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. वाटली. थोडा वेळ फार गोड वाटली.

खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही काही नवी युक्ती नव्हे. गिरणगावातल्या जुन्या चाळी अशाच होत्या. तळमजल्यावर वाण्याचे दुकान, पिठाची गिरणी, खाणावळ, न्हाव्याची खुर्ची, वरती खोल्या. पगाराच्या आधीच्या आठवड्यात खालचा वाणी उधार देई, म्हणून वरची चूल पेटे. हे ज्यांना कळले नाही त्यांचे काय झाले त्याचा दाखला वरळीला आहे. 1920 साली गव्हर्नर लॉइडच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिरेक्टोरेट स्थापन झाले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे सिमेंट-काँक्रीटच्या चाळी उठल्या. तीन मजले वर, मजल्याला वीस खोल्या, खोली एकशे साठ चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला. वरळीला बाजार नाही, गिरण्या दूर, भिंती काळ्या आणि कोंदट. कामगार तिकडे फिरकेना. कित्येक खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या आणि सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारला त्यांत सत्याग्रही कैदी कोंडायला जागा सापडली. तुरुंग म्हणून चालणाऱ्या त्या खोल्यांत पुढे आमची बिऱ्हाडे नांदली. माझा जन्म तेथला.

तेव्हा दुकान आणि घर एकत्र असावे याबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. एका इमारतीत अनेक उपयोग आले की अनेक प्रकारची माणसे येतात आणि मग इमारतीला प्रत्येकासाठी वेगळी वाट काढावी लागते. ही वाट कोणासाठी कोठून काढली जाते, यात समाजव्यवस्था दिसते. गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींच्या पाठीमागे गोल फिरत जाणारा लोखंडी जिना कित्येकांनी पाहिला असेल. आज त्याचे फोटो काढतात. तो जिना मैला नेणाऱ्या माणसासाठी होता. दोन इमारतींमधल्या अरुंद बोळातून, ज्याला हाऊस गल्ली म्हणत, त्याने यायचे, मागच्या मागे चढायचे, टोपली भरायची आणि मागच्या मागे उतरायचे. पुढच्या जिन्यावर त्याची सावली पडता कामा नये. वास्तुशिल्पकाराने जातिव्यवस्था लोखंडात ओतून इमारतीच्या पाठीला जोडून दिली होती.

नमुन्याचा फ्लॅट पाहायला गेलो तेव्हा विक्रीच्या कचेरीतल्या तरुणाने मोठ्या अदबीने नकाशा समजावला. दुकानांना वेगळे दार, कचेऱ्यांना वेगळे, रहिवाशांना वेगळे. एका कोपऱ्यात आणखी एक लिफ्ट होती. ती कोणासाठी, असे मी विचारले. "सर, सर्व्हिस लिफ्ट. सामान, कचरा, घरकामाच्या बायका." त्याने ही तिन्ही नावे एका दमात घेतली. माझी मावशी दादरला भांडी घासायला जात असे. मी नकाशावर त्या लिफ्टवर बोट ठेवून किती वेळ उभा होतो हे मला आठवत नाही. सूनबाईंनी "बाबा, बसा ना" म्हटले तेव्हा बसलो.

परंतु केवळ एका लिफ्टसाठी मी घर नाकारले नसते. अशा लिफ्टा आता सगळीकडे आहेत. माझा पाय अडला तो कागदावर.

इमारतीत फ्लॅट घेणारा नेमका कशाचा मालक होतो? जमीन त्याच्या पायाखाली नसते. भिंत शेजाऱ्याच्या अर्ध्यात, छत वरच्याची फरशी. या अधांतरी मालकीला कायद्याचा आधार देण्यासाठी महाराष्ट्रात तीन कायदे महत्त्वाचे झाले: 1960 चा सहकारी संस्थांचा, 1963 चा मालकी सदनिकांचा आणि 1970 चा अपार्टमेंट मालकीचा. सहकारी गृहनिर्माण संस्थेत जमीन व इमारत संस्थेच्या नावे होते, आणि सभासदाचा फ्लॅट केवढाही असो, त्याला मत एक. अपार्टमेंट पद्धतीत, जिला इंग्रजी नावाने कॉन्डोमिनियम म्हणतात, प्रत्येकाला आपल्या गाळ्याची मालकी आणि सामाईक भागात एक टक्केवारीचा हिस्सा मिळतो. तो हिस्सा घोषणापत्रात लिहिलेला असतो. 1970 च्या मूळ कायद्याने तो गाळ्याच्या किमतीवरून काढायला सांगितले, आणि बहुमत म्हणजे डोक्यांचे बहुमत नव्हे, तर या टक्केवारीचे बहुमत, अशी व्याख्याच केली.

आमच्या इमारतीचे घोषणापत्र मी मागून घेतले. असे कोणी मागत नाही, असे तो तरुण म्हणाला. दुकाने, हॉटेले आणि कचेऱ्या यांचे बरेचसे गाळे विकसक स्वतःकडेच ठेवणार होता. किंमत त्यांची भारी, म्हणून टक्केवारी भारी, म्हणून मतही भारी. आमचा फ्लॅट त्या यादीत शंभरातल्या एका पैशाच्याही खाली, कुठेतरी दशांश चिन्हाच्या पलीकडे होता. लिफ्टची दुरुस्ती, पाण्याची वाटणी, आगीच्या पंपाचा खर्च, खालच्या हॉटेलला गच्ची द्यायची की नाही, या सर्वांचा निर्णय या वजनावर होणार. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर कमला मिल्सच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून चौदा माणसे मेली, हे याच भागातले आहे. खाली भट्टी आणि वर झोपलेली माणसे असतील तर भट्टीबद्दल झोपणाऱ्यांचे मत मोजले गेले पाहिजे.

हे वजनी मत मला ओळखीचे वाटू लागले, आणि मग आठवले. 1872 च्या कायद्याने मुंबईच्या नगरपालिकेत निवडणूक आली, पण मत करदात्याला होते. पुढे 1922 साली ठरावीक रकमेहून अधिक भाडे भरणाऱ्यालाही ते मिळाले. ज्याचे भाडे त्या रकमेला पोचत नव्हते, तो या शहरात राहत होता, त्याचे कापड विणत होता, त्याचा मैला उपसत होता आणि मतदार यादीत नव्हता. प्रौढ मतदानावर मुंबईची महापालिका निवडली गेली ती 1948 साली. बाबासाहेबांनी 1919 साली साउथबरो समितीपुढे आणि 1928 साली सायमन कमिशनपुढे मताधिकाराचा प्रश्न एवढ्या जिद्दीने का लढवला, हे मला पुस्तके वाचून जितके उमगले नव्हते तितके त्या घोषणापत्राच्या टक्केवारीने उमगले. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत त्यांनी बजावले होते की राजकारणात एका माणसाचे एक मत आणि एक मूल्य आपण मान्य करू, मात्र सामाजिक व आर्थिक जीवनात ते नाकारीत राहू. तो विरोध आता आमच्या लिफ्टच्या दाराशी येऊन उभा होता. रस्त्यावर मी पंतप्रधानाइतका मतदार. लिफ्टमध्ये शिरलो की पैशाचा अंश.

"मग सोसायटीतलं घर बघा," असे आमच्या मंडळींनी सुचवले. त्यांच्या मते मी उगाच शब्द चघळत होतो. पूर्व उपनगरातल्या एका जुन्या सहकारी संस्थेत निवृत्त बाईंचा दोन खोल्यांचा फ्लॅट विकायला होता. चार मजले, लिफ्ट नाही, घर दुसऱ्या मजल्यावर. माझ्या गुडघ्यांनी होकार दिला नाही, तरी मी दिला. तेथे एक मत होते. पण त्या एका मताच्या दाराशी समिती बसलेली होती. मला चहा दिला. गाव कोणते, विचारले. आडनाव दोनदा विचारले. घरात काय शिजते, तेही हसत हसत विचारले. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "आमच्याकडे वातावरण जरा वेगळं आहे हो, तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल." मी पस्तीस वर्षे सरकारी कचेरीत कारकुनी केली आहे, नकार कागदावर न आणता कसा द्यावा हे मला शिकवावे लागत नाही.

1917 साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत उतरले होते. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला. संध्याकाळपर्यंत जागा सोड, एवढेच त्यांना ऐकवले गेले. 2005 साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की संस्थेला उपविधीने आपले सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवता येते, कारण संघटना करण्याच्या स्वातंत्र्यात ते बसते. पारशी समाजाशी माझे भांडण नाही. संख्येने घटणाऱ्या एका छोट्या समाजाची भीती मी समजू शकतो. पण त्या निर्णयाच्या आडोशाला कोण कोण उभे राहील ते त्या दिवशी चहा पिताना मला दिसले. त्या संस्थेच्या उपविधीत जातीचा उल्लेख नव्हता. गरजच नव्हती.

म्हणजे पेच असा: एकीकडे दार सताड उघडे, कारण पैसा जात विचारत नाही, पण आत गेल्यावर मताला वजन नाही. दुसरीकडे आत गेलो तर मी अध्यक्षाच्या बरोबरीचा. पण आत जाऊ देणे त्याच्या हाती. मुलाचे म्हणणे सरळ होते. "बाबा, तिकडे कोणी आडनाव विचारत नाही. मला तेवढं पुरे आहे." त्याच्या पिढीने काय भोगले आहे हे मी जाणतो, त्यामुळे मला त्याला एकदम उत्तर देता आले नाही.

उत्तर मला 1974 ने दिले. तेव्हा मी अकरा-बारा वर्षांचा होतो. जानेवारीत वरळीला पँथरची सभा झाली, दंगल उसळली आणि ती कित्येक आठवडे धुमसत राहिली. आमच्या चाळींच्या गच्च्यांवरून दगड, सोड्याच्या बाटल्या येत. 10 जानेवारीला परळला मोर्चावर इमारतीवरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव मेले. त्या दिवसांत आई आम्हाला भिंतीला चिकटून चालायला शिकवी. वर बघू नका, भिंतीला धरा. वरच्या मजल्याबद्दल माझ्या मनात जी ओढ आहे तिच्या मुळाशी ती भीती आहे, हे मला इतक्या वर्षांनी कळले. मला तिसाव्या मजल्यावर जायचे होते ते एवढ्यासाठी की माझ्या डोक्यावर कोणी नसावे. पण त्या इमारतीत माझ्यावर आणखी मजले होतेच, आणि खरे वजन तर खालच्या दुकानांच्या हाती होते.

माझा एक चुलतभाऊ वरळीलाच राहिला. 2021 साली तेथल्या पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले आणि ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्याची पाळी अजून यायची आहे. तो म्हणतो, "तू थांबला असतास तर फुकटात वर गेला असतास." हे त्याचे म्हणणे मला महिन्यातून दोनदा ऐकावे लागते.

मी टॉवरमध्ये पैसे घातले नाहीत. मुलाला म्हटले, तुझ्या कमाईने घ्यायचे तर घे, मी आड येणार नाही. घोषणापत्र मात्र वाचून घे. तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने ते मागितले.

सोसायटीतल्या त्या बाईंनी शब्द पाळला. "मी कुणाला विकते ते मी ठरवणार," असे त्या समितीला तोंडावर म्हणाल्या आणि आम्ही करार नोंदवला. मग मी सभासदत्वाचा अर्ज लिहिला, सर्व कागद जोडले आणि संस्थेच्या कचेरीत नेऊन दिला. सेक्रेटरी म्हणाले, "ठेवून जा, बघू." मी म्हटले, पोच हवी. कायद्याप्रमाणे अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेने निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असे धरले जाते. नकार दिला तर तो कारणासह लेखी द्यावा लागतो आणि त्यावर निबंधकाकडे अपील करता येते. बोलून दिलेल्या नकाराला कायद्यात जागा नाही. सेक्रेटरींनी कपाटातून शिक्का काढला. शाईची गादी वाळलेली होती. तिच्यावर त्यांनी पाण्याचे दोन थेंब टाकले. पहिला ठसा फिका उठला, तेव्हा मी दुसरा मारायला लावला. तारीख नीट वाचता येते. आज त्याला एकेचाळीस दिवस झाले.