लाल विंचू आणि न थांबणारा कुकारा

वैभववाडी म्हटलं की बाहेरच्यांना कोकण रेल्वेचं स्टेशन आठवतं, नाहीतर घाटातला रस्ता. मला जांभ्याचे चिरे आठवतात. अंगणात रचलेला चिरा उचलायचा तर आजी आधी काठीने ठोकायला लावायची. खाली लाल विंचू असायचा. तिच्या लहानपणी कुणाला विंचू चावला की मांत्रिकाला बोलावणं जायचं. बरेचजण रात्रभर कण्हून सकाळी बरे व्हायचे. काही जात, त्यात लहान मुलं जास्त. आजी म्हणायची, ‘नशीब.’

त्या नशिबामागे काय होतं, ते समजायला मासळीबाजारातलं म्हाकूल कामी आलं.

आपल्या नसांतले तंतू इतके बारीक की त्यात सुई घालणं अशक्य. पण म्हाकुलाच्या अंगात एक तंतू जवळजवळ मिलिमीटरभर जाड असतो. १९३९ साली इंग्लंडमधल्या प्लिमथला अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी त्यात इलेक्ट्रोड सरकवून आतली वीज मोजली. मग महायुद्ध आलं, काम थांबलं. १९५२ साली त्यांनी अख्खं गणित मांडलं आणि १९६३ साली त्यांना नोबेल मिळालं.

गणितामागची गोष्ट साधी आहे. नसेच्या पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्ट कमी दाब असतो. बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. इशारा मिळाला की सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं आणि तेवढ्या जागेपुरतं चिन्ह उलटं होतं. लगेच ती दारं मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि सगळं पूर्ववत. हे सारं एक-दोन मिलिसेकंदांत. पण तेवढ्यात शेजारची दारं उघडलेली असतात.

म्हणजे नस ही तांब्याची तार नाही, ती आपल्या वाडीतल्या कुकाऱ्यासारखी आहे. एका घरातून कुकारा आला की पुढचं घर तो पुन्हा नव्या दमाने घालतं, म्हणून शेवटच्या घरापर्यंत आवाज कमी होत नाही. प्रत्येक घर ओरडून लगेच गप्प बसतं, म्हणूनच निरोप कळतो.

लाल विंचवाचं विष नेमकं इथे घाव घालतं. ते सोडियमची दारं वेळेवर मिटू देत नाही. घरं ओरडतच राहतात. हृदय आणि रक्तवाहिन्या सांभाळणाऱ्या नसा बेफाम होतात, अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. घाम, उलट्या, थंडगार हातपाय; रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरतं. ज्यांच्या शरीरात विष कमी गेलं, त्यांना फक्त वेदना व्हायच्या आणि त्या आपोआप ओसरायच्या. श्रेय मांत्रिकाला जायचं.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेल्यांच्या उशाशी बसून ते एकेक लक्षण टिपत राहिले. १९८२ साली त्यांचं निरीक्षण ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे त्यांनी प्राझोसिन वापरलं. हे रक्तदाबावरचं साधं, स्वस्त औषध. ते ओरडणाऱ्या घरांना गप्प करत नाही, ऐकणाऱ्यांचे कान झाकतं. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल पडतात. १९८६ साली डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह त्यांनी हेही ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. गंभीर रुग्णांपैकी पूर्वी शंभरात पंचवीस-तीस दगावत, ते प्रमाण दोन-तीनवर आलं. २०११ साली दोघांनी दाखवलं की जोडीला प्रतिविष दिलं तर रुग्ण आणखी लवकर सावरतो.

आणखी एक गंमत. १९९० साली याच लाल विंचवाच्या विषातून आयबेरिओटॉक्सिन नावाचं प्रथिन वेगळं काढलं गेलं. ते पोटॅशियमचं एक विशिष्ट दार बंद करतं. त्या दाराचं काम समजून घ्यायला जगभरच्या प्रयोगशाळा आज ते वापरतात. आमच्या चिऱ्याखालचा जीव तिथे किल्लीसारखा वापरला जातो.

काठीने चिरा ठोकायची सवय मी सोडलेली नाही. आजीचं ते शास्त्र बरोबरच होतं. फक्त ‘नशीब’ हा शब्द मी आता वापरत नाही. विंचू चावला, घाम फुटला, हातपाय गार पडले, तर गाडी काढायची आणि थेट दवाखाना गाठायचा.